‘म्हणे’ गळून पडतं तेव्हा

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात मुंबई-पुण्याचा प्लेग दोन ओळींत आटपला होता. रँड नावाचा जुलमी अधिकारी, चापेकर बंधू आणि २२ जून १८९७ ही तारीख. बाईंनी ती इतक्या वेळा म्हणून घेतली होती की आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण ज्या रोगापायी हे सगळं झालं, त्यातले काही मोठे प्रसंग आपल्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर घडले होते, हे तेव्हा आपल्या गावीही नव्हतं. परळच्या हाफकिन संस्थेच्या भिंतीजवळून आपण वर्षानुवर्षं शाळेत गेलो. आत साप पाळतात, एवढीच आपली माहिती. आणि आर्थर रोडचं कस्तुरबा रुग्णालय म्हणजे कावीळ-टायफॉइडवाल्यांनी जायची जागा.

२०२०च्या मार्चमध्ये आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज पडायला लागले. गरम पाणी प्या, कोंबडी खाऊ नका, अमक्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय. त्या दिवसांत मी हा जुना इतिहास वाचायला घेतला. प्लेगचा जीवाणू वेगळा, कोरोनाचा विषाणू वेगळा. पण कुणालाच नीट माहीत नसलेला रोग दारात येतो तेव्हा माणसं कशावर विश्वास ठेवतात आणि का ठेवतात, यात सव्वाशे वर्षांत वाटतो तितका फरक पडलेला नाही.

सुरुवात मांडवीत झाली. बंदराजवळची धान्याची गोदामं, खच्चून भरलेल्या चाळी. १८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तिथल्या रुग्णांना तपासलं, काखेतल्या-जांघेतल्या गाठी पाहिल्या आणि हा प्लेगच आहे असं सांगितलं. ते महापालिकेचे सदस्यही होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं दवाखान्यात राहिलं नाही, सभेत गेलं. ही बातमी कुणालाच नको होती. बंदराचं शहर, प्लेग म्हटलं की जहाजं अडणार, व्यापार बसणार. म्हणून हा साधा ताप असेल, वेगळ्या प्रकारचा ताप असेल, असं म्हणून पाहिलं गेलं. शेवटी इतर तज्ज्ञांकडून खात्री करून घेतली, तेव्हा व्हिएगस बरोबर निघाले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपण किती वेळा त्याच्याजवळून गेलो असू, पण हे कोण असं कधी विचारलं नाही.

पुढचा प्रसंग आपल्या अगदी जवळचा. ६ ऑक्टोबर १८९६ला पालिका आयुक्तांनी हुकूम काढला की प्लेगच्या रुग्णाला गरज पडल्यास जबरदस्तीने रुग्णालयात न्यावं. ते रुग्णालय म्हणजे आर्थर रोडचं, आजचं कस्तुरबा. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्यावर हल्ला केला. कारण गिरणगावात एक गोष्ट पसरली होती: आत नेलेल्या माणसांना मारतात आणि त्यांची काळजं काढून घेतात. कशासाठी, तर त्याच महिन्यात फोर्टातल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं. (ते चापेकरांचंच काम होतं, हे पुढे उघड झालं.) राणी संतापली आहे आणि तिचा राग शांत करायला मुंबईच्या लोकांची काळजं विलायतेला पाठवायची आहेत, म्हणे. दुसरी गोष्ट मोमियाईची. प्रेतांपासून औषधी तेल काढतात, म्हणे.

हे वाचून हसू येतं. पण आपल्या बॅचमधल्या निम्म्यांचे पणजोबा-खापरपणजोबा तेव्हा गिरण्यांत होते किंवा लवकरच येणार होते. तेव्हा हसण्याआधी त्या माणसांना काय दिसत होतं ते पाहू. गाडी येते, शेजाऱ्याला उचलून नेते. त्याच्या बायकोला सोबत जाऊ देत नाहीत. चार दिवसांनी तो मेल्याचं कळतं. दुसऱ्या शेजाऱ्याचंही तेच. जिवंत परत आलेला माणूस चाळीत जवळजवळ कुणी पाहिलेलाच नाही. म्हणजे निरीक्षण बरोबर होतं: आत गेलेले बहुतेक मरत होते. ते मरत होते कारण प्लेगवर औषधच नव्हतं आणि लपवून ठेवलेले रुग्ण शेवटच्या घटकेला नेले जात. पण हे समजावून सांगायला कुणी गेलं नव्हतं. हुकूम इंग्रजीत, शिपाई दंडुक्यासह. कारणाची जागा रिकामी होती, ती राणीच्या काळजांनी भरून काढली.

हल्ल्यानंतर हुकूम सैल करण्यात आला. घरी वेगळं ठेवून उपचार होत असतील तर रुग्णाला हलवणार नाही, असं ठरलं. त्यामागे दया कमी आणि धास्ती जास्त होती. सफाई कामगार शहर सोडून गेले तर मुंबईचं काय होईल, या विचाराने अधिकाऱ्यांची झोप उडाली होती. तरीही लोक गेलेच. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मं शहर गावी निघून गेलं होतं. २०२०च्या एप्रिल-मे मध्ये मुंबई-आग्रा रस्त्यावरून चालत निघालेली माणसं आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिली आहेत, त्यामुळे हे चित्र मला वेगळं रंगवून सांगायला नको.

मराठीत ‘म्हणे’ हा फार प्रामाणिक शब्द आहे. ‘काळजं काढतात म्हणे’ याचा अर्थ मी पाहिलेलं नाही, ऐकलं आहे, चूकभूल तुमच्या पदरी. आठवीत व्याकरणाच्या तासाला हे कुणी शिकवलं नाही, पण प्रत्येक आजीला ते ठाऊक होतं. गोष्ट तिसऱ्या-चौथ्या तोंडी गेली की हा ‘म्हणे’ गळून पडतो आणि ‘काळजं काढतात’ एवढंच उरतं. व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डला तर तो पहिल्यापासूनच नसतो. ग्रुपवरचा कुठलाही मेसेज वाचताना मी मनातल्या मनात शेवटी ‘म्हणे’ लावून पाहते. अर्धेअधिक तिथेच ओळखू येतात.

पण म्हणून सरकारी ते खरं आणि चाळीतलं ते खोटं, असा हिशेब मांडला तर तो चुकेल. सरकारी समजूत अशी होती की रोग घाणीतून, कोंदट हवेतून, जमिनीतल्या ओलाव्यातून येतो. म्हणून गटारं लाखो गॅलन पाण्याने धुतली, घरांवर कार्बोलिक ॲसिडचे फवारे मारले, छपरं उचकटली, सामान जाळलं. उलट साधी माणसं सांगत होती की आधी उंदीर पडतात, मग माणसं. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचं आणि शेतात झोपडी बांधून राहायचं, ही चाल आपल्या खेड्यापाड्यांत होती. तिला शास्त्राचा आधार नव्हता, पण ती बरोबर होती. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं की रोग उंदरावरच्या पिसवांमधून जातो. त्याचं म्हणणं तेव्हाच्या बड्या तज्ज्ञांनी उडवून लावलं. ते खरं ठरायला आणखी सात-आठ वर्षं गेली, आणि ते ठरवणारे काही प्रयोग चक्क परळला झाले, आपल्या त्या सापवाल्या भिंतीच्या आत.

हा प्रयोग मला फार आवडतो. १९०५पासून प्लेग संशोधन आयोग तिथे काम करत होता. त्यांनी प्लेगचे उंदीर आणि पिसवा असलेल्या छोट्या खोल्यांत गिनीपिग ठेवले. काही मोकळे जमिनीवर, काही पिंजऱ्यात घालून वर टांगलेले. खोली तीच, हवा तीच, दुर्गंधी तीच. जमिनीवरच्यांना प्लेग झाला. पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्यांना झाला नाही. रोग हवेतून येत असता तर वरच्यांनाही व्हायला हवा होता. कुणाचा हुद्दा मोठा, कुणाची पदवी विलायतेची, याचा इथे काही संबंध उरत नाही. विज्ञानाच्या सरांनी ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ असं सांगून लोलकाचा प्रयोग करून घेतला होता, तीच रीत.

आणि तज्ज्ञ चुकतात हे आपणही पाहिलं. मार्च २०२०च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोना हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं होतं. तो शब्द बदलायला सुमारे वर्ष लागलं. निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, असं आधी ऐकलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर मुंबईत मास्क सक्तीचा झाला. यावरून ‘बघा, यांनाच काही माहीत नाही’ असा सूर आपल्या ग्रुपवरही लागला. मला त्यात वेगळं दिसतं. ज्यांनी आपलं विधान बदललं, त्यांचं आधीचं विधान आणि बदलाची तारीख दोन्ही सापडतात. गरम पाण्यानं विषाणू मरतो हा मेसेज कुणी मागे घेतल्याचं मला आठवत नाही. तो नुसता विरून गेला आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा आला.

आता हाफकिन. वाल्देमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. कॉलऱ्याच्या लशीवर काम करून ते ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत बसले आणि तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ला ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. या लशीबद्दलही गोष्टी उठल्याच. तिच्यात निषिद्ध मांस आहे ही त्यांतली एक. गंमत अशी की ती पूर्ण निराधार नव्हती. जंतू वाढवायला मांसाचा काढा लागत असे. गाईचं किंवा डुकराचं नको, म्हणून हाफकिननी बकऱ्याचं वापरलं होतं. अफवेच्या पोटात बरेचदा असा एक खरा दाणा असतो आणि नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून ओरडलं की तो दाणा माहीत असलेला माणूस तुमच्यावरचा विश्वास गमावतो. त्यापेक्षा तरुण आगाखानांनी केलं ते परिणामकारक ठरलं. त्यांनी आपल्या खोजा समाजापुढे स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे तर अनेकदा, आणि त्या समाजात लस घेणाऱ्यांची रांग लागली.

पण लस चालते हे कशावरून? आकड्यांवरून म्हणावं तर आकडेही फसवतात. पोर्तुगिजांच्या दमणमध्ये १८९७मध्ये २,१९७ जणांनी लस घेतली, त्यांतले ३६ दगावले. न घेतलेले ६,०३३, त्यांतले १,४८२ दगावले. शंभरी दीड-दोन आणि शंभरी जवळजवळ पंचवीस, हा फरक डोळे दिपवणारा आहे. तरी शंकेला जागा राहते. लस घ्यायला पुढे आलेले लोक मुळातच सुस्थितीतले, स्वच्छ घरांतले, सावध असतील तर? ही शंका हाफकिननाही होती असं त्यांच्या पुढच्या कामावरून दिसतं. १८९८मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावात साथ असताना त्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस दिली, अर्ध्यांना नाही. घर तेच, अन्न तेच, उंदीर तेच. लस घेतलेल्या ७१ पैकी ८ जणांना प्लेग झाला, ३ मेले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ जणांना झाला आणि २६ मेले. त्या ६४ जणांचा विचार मनात आला की आज अस्वस्थ व्हायला होतं, आणि व्हायलाच हवं. पण ‘आमच्या काकांना अमुक घेऊन बरं वाटलं’ आणि ‘उंडेऱ्याचे ७१ नि ६४’ यांत जे अंतर आहे, ते समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. ज्यांनी घेतलं नाही त्यांचं काय झालं, एवढं विचारायचं.

याच लशीनं पुढे हाफकिनचा घात केला. ३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली आणि त्यांतल्या १९ जणांचा धनुर्वातानं मृत्यू झाला. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती. चौकशीत दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनना पदावरून दूर करण्यात आलं. लस म्हणजे विष, ही अफवा आता सरकारी कागदावर आली होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना जे करतो, ते इथे आधी कुणी नीट केलं नव्हतं: चूक साखळीच्या नेमक्या कुठल्या कडीत झाली? बाटली महिन्याहून अधिक काळ आधी परळला भरली होती. तेव्हाच जंतू शिरले असते तर इतक्या दिवसांत ते वाढून उघडताना घाण वास आला असता. उघडणाऱ्या डॉक्टरांनी वास नव्हता असं सांगितलं होतं. आणि त्या दिवशी बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी १९०७मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हे मांडलं आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली होती. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५मध्ये.

हे सगळं वाचत असताना ग्रुपवर काय चाललं होतं? कोंबडीनं कोरोना होतो या एका गोष्टीपायी २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या कवडीमोलाने विकल्या. ती गोष्ट पसरवणारे अडाणी गिरणी कामगार नव्हते, आपल्यासारखे स्मार्टफोनवाले होते. आणि एप्रिल २०२१मध्ये शिकलेली, मोठ्या पगाराची माणसं रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी दागिने विकून रांगेत उभी होती. त्या औषधानं मृत्यू टळतात असा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२०मध्येच म्हटलं होतं. घरातलं माणूस श्वासासाठी तडफडत असताना तो कागद कोण वाचणार? मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण १८९६च्या चाळीला नावं ठेवायचाही आपला अधिकार तिथे संपतो.

आपल्या बॅचमधली एक जण सरकारी रुग्णालयात नर्स आहे. तिला आवडणार नाही, म्हणून नाव लिहीत नाही. त्या वर्षभरात तिनं ग्रुपवर फार तर पंधरा-वीस वेळा लिहिलं असेल. त्यातही निम्म्या वेळा: ‘मला माहीत नाही, विचारून सांगते.’ आणि दोन दिवसांनी विचारून सांगायची. माझ्यापुरती त्या ग्रुपवरची सर्वांत भरवशाची बातमीदार तीच होती, आणि ‘मला माहीत नाही’ हेच त्या भरवशाचं कारण होतं.

शेवटी पुण्याकडे वळते, कारण रँडच्या त्या दोन ओळींत एक माणूस राहून गेला आहे. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला (२०२०मध्ये आपल्याला लागू झाला तो हाच, आणि त्या एप्रिलमध्ये त्यात डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षेची भर पडली). मार्चपासून पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. देवघरापर्यंत जाणं, बायकांना अंगणात उभं करून तपासणं, सामान जाळणं, याच्या तक्रारी केसरीसह अनेक पत्रांत आल्या. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या छावणीतल्या गैरप्रकारांबद्दल जाहीर लिहिलं. त्याच मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. या काळात फर्ग्युसनचे तिशीतले प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले एका आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते. पुण्याच्या मित्रांची पत्रं त्यांना जात. त्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी मँचेस्टर गार्डियनला सांगितलं की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीनं जीव दिला. पार्लमेंटात गदारोळ झाला. पुरावा मागितला गेला.

जुलैअखेर गोखले मुंबईला उतरले तेव्हा पोलीस कमिशनर बोटीवरच त्यांना भेटायला आले. गोखल्यांनी मित्रांकडे विचारणा केली. जे पत्रांत खात्रीनं लिहीत होते, ते आता ऐकीव होतं म्हणू लागले. पुराव्यानं शाबीत करता येईल असं काहीच हाती लागलं नाही. जुलूम झाला नव्हता असं नव्हे. पण ही विशिष्ट गोष्ट सिद्ध होत नव्हती. ऑगस्टच्या सुरुवातीला गोखल्यांनी वर्तमानपत्रांतून बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. भित्रा, सरकारधार्जिणा, काय काय म्हटलं गेलं. इंग्रज पत्रांनी वेगळं झोडपलं. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं मात्र त्यांनी पोलिसांना दिली नाहीत. पुढच्या साथीत, १८९८मध्ये, ते त्याच पुण्यात प्लेगचे स्वयंसेवक म्हणून काम करत होते, आणि ज्या लोकांनी वर्षभरापूर्वी त्यांना भित्रा म्हटलं होतं, त्यांच्याच शहरात घरोघर जात होते.